मागच्या पायाचं बाइंडिंग

नाशिक,
मंगळवार, १० फेब्रुवारी २००४

चि. स्नेहल,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. थंडी उतरली, दुपारी पंखा लागतो. तुझ्या आईचा गुडघा पुन्हा धरलाय. अक्का तुला फोनवर सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. तुझ्या ऑफिसातली रोशनी परवा निघते आहे. तू तिच्याबरोबर पाठवलेली, बर्फावरच्या फळीला बूट जखडणारी दोन्ही बाइंडिंगं, तो एक उजवा बूट आणि हे पत्र तिच्या हाती देतो आहे.

आधी तू पाठवलेल्या सीडीबद्दल. शेजारच्या महेशच्या कॉम्प्युटरवर पाहिली. सुरुवातीला पडदा कोराच दिसला. मला वाटलं, सीडी बिघडली. मग त्या कोऱ्यात वर कोपऱ्यात एक ठिपका हलला. महेश म्हणाला, "काका, ती स्नेहल." एवढा मोठा डोंगर, त्यावर एक झाड नाही, एक रेघ नाही, आणि आपली दिंडोरीची मुलगी त्यावरून रेघ ओढत येते आहे. दोन्ही पाय एका फळीला बांधलेले, हातात काठी नाही. वळताना तू बर्फाच्या इतकी जवळ झुकलीस की मामी खुर्चीतून उठली. मी अकरा वेळा पाहिलं. डायरीत त्या दिवशी काय लिहावं ते सुचेना, नुसती वेळ लिहून ठेवली.

तुझी अडचण नीट समजून घेतली आहे. तारेवरच्या पाळण्यातून डोंगरावर जाताना मागचा पाय मोकळा ठेवावा लागतो आणि वर पोचल्यावर दर खेपेला तो पुन्हा बांधावा लागतो. दातेरी पट्टा एका हातानं धरायचा, दुसऱ्यानं खटका दाबत ओढायचा. बाकीचे अर्ध्या मिनिटात निघून जातात. तू उजव्या हाताच्या एकट्या अंगठ्यानं झगडत बर्फात बसतेस, आणि कुणीतरी भला माणूस न विचारताच तुझ्या पायाशी वाकतो. "मदत वाईट नाही मामा, पण मला शेवटी निघायचा कंटाळा आलाय," असं तू लिहिलंस. तुझ्या सायकलचे दोन्ही ब्रेक मी एका बाजूला आणले होते, म्हणून या दोन बाइंडिंगांतली निवडही माझ्यावर सोपवलीस. इतका विश्वास टाकताना एकदा तरी थांबायचं होतंस. त्याबद्दल पुढे लिहितो.

पहिला प्रकार पावलाखाली पकडणारा. बुटाच्या तळव्यात लोखंडी दांडी असते. बाइंडिंगवर पाय ठेवून दाबला की खट्ट आवाज येतो आणि झालं, हात लावायलाच नको. दुसऱ्या प्रकारात टाचेमागची पाठ मागे पडते. पट्टे एकदाच बेतून ठेवायचे, मागून चपलेत सरकवावा तसा पाय सरकवायचा, पाठ उभी करायची आणि मागचा खटका एका हातानं वर दाबायचा. थोडा वेळ लागतो, पण पट्ट्यांची झटापट नाही.

पहिला प्रकार पाहून मी थक्क झालो. वीस वर्षं सातपूरच्या कारखान्यात तपासणी विभागात काढली, हजारो सुटे भाग मोजले, पण माणसाचं वजनच किल्ली व्हावं अशी वस्तू हातात आली नव्हती. तो खटका उघडून आत पाहिलं. चार लहान तुकडे आणि एक स्प्रिंग. ज्यानं हे योजलं त्याला मनात नमस्कार केला.

बूट मला होईना. मामीला झाला. तिच्या उजव्या हाताची चार बोटं पट्टीनं गुंडाळली, अंगठा मोकळा ठेवला. साडी खोचून स्वयंपाकघराच्या फरशीवर तिनं दोन्ही बाइंडिंगं वीस-वीस वेळा लावून पाहिली. पहिलं विसाच्या वीस वेळा लागलं. मी निकाल लिहूनही टाकला. मामी बूट काढता काढता म्हणाली, "अहो, पोरगी फरशीवर घसरणारे का?"

इतका साधा प्रश्न मला सुचला नव्हता.

म्हणून रविवारी आम्ही पिंपळगावला गेलो. तिथल्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये हिरामण मशिनी सांभाळतो, माझा जुना ओळखीचा. ऐन हंगाम, दारात द्राक्षाचे टेम्पो लागलेले. मामीच्या पायात तो बूट पाहून त्यानं कपाळाला हात लावला.

"वहिनी, हे घालून गड चढायचा हे का?"

"चढायचा नाही भाऊ, उतरायचाय. उभ्यानं."

"मंग डोकं कशात घालायचं तेबी आणलं का?"

पण माणूस मोठ्या मनाचा. आतल्या खोलीत अमोनियाच्या नळ्यांवर वीतभर जाड भुसभुशीत बर्फ साठतो, तो त्यांना खरवडून टाकावाच लागतो. "लय हे, पाहिजे तेवढा न्या," म्हणाला आणि लाकडी फळीनं दोन क्रेट भरून जमिनीवर पसरला. मी कितीदा तरी त्या भिंतीजवळून गेलो असेन. आत हे असं साठत असतं, हे मला ठाऊक नव्हतं. मूठभर उचलला तर आत हवाच जास्त, वजन जवळजवळ नाहीच. दिव्याखाली त्याचा कणन् कण निराळा चमकत होता. मामी आणि मी पाहत राहिलो. तू रोज यावर उभी राहतेस.

पुन्हा वीस-वीस वेळा. बूट दर वेळी बर्फात रोवून मग आत.

पहिलं चौदा वेळा लागलं. चार वेळा दांडीभोवती बर्फ दाटला आणि लागलंच नाही. राहिलेल्या दोन वेळा खट्ट झालं, मी वहीत बरोबरची खूण केली, मामीनं टाच जोरात उचलली आणि पाय सुटून वर आला. हिरामणनं तिला धरलं म्हणून ती पडली नाही.

दुसरं वीसही वेळा लागलं. त्यातल्या पाच वेळा टाचेजवळचा बर्फ आधी झटकावा लागला. बर्फ असला की खटका वर जातच नाही. नाही म्हणायचं तर तो तोंडावर नाही म्हणतो. मागे पडणाऱ्या पाठीचं घे. पहिले काही दिवस सपाट जागेवर स्वतः पारख, माझ्या वहीवर विसंबू नकोस.

पत्र इथं संपवता आलं असतं. काल संपवलंही होतं, पाकीटही चिकटवलं होतं. पण ते दोन खोटे खट्ट कानातून जात नाहीत.

तू मागच्या पत्रात गमतीनं लिहिलंस, "माझ्या अवखळपणापायी बिचाऱ्या परक्या लोकांना वाकावं लागतं." सात वर्षांची असल्यापासून तू हे बोलतेस, कारण घरात सगळे तेच बोलतात: पोरीनं कुट्टीच्या मशीनमध्ये हात घातला. मी समोर बसलेला असतो आणि ऐकून घेतो.

ती १९८४ची दिवाळी. माझा डिप्लोमा नुकताच झालेला. भाऊजी म्हणाले, "इंजिनियर, कडबा अडकतोय, बघा जरा." मी कडबा कापायच्या त्या मशीनच्या तोंडावरचं पत्र्याचं झाकण काढलं आणि पाती घट्ट केली. झाकणाचे दोन्ही बोल्ट झिजलेले होते, म्हणून ते नुसतं जागेवर टेकवलं आणि नवे बोल्ट आणायला बाजारात गेलो. कुणाला सांगितलं नाही. बाहेरून ते पक्कं बसवल्यासारखंच दिसत होतं. फ्यूज काढून खिशात ठेवायला एक मिनिट लागलं असतं. कॉलेजात हाच पहिला नियम शिकवतात.

भाऊजींनी मोटर लावली. तू रोजच्यासारखी पेंढी सरकवत होतीस आणि रोजच्यासारखा झाकणावर हात टेकवलास. ते सरकलं.

मी बोल्ट घेऊन परतलो तेव्हा घरात कुणी नव्हतं. सगळे तुला घेऊन नाशिकला निघाले होते. शेजारणीनं काय झालं ते सांगितलं. आणि मग मी ते बोल्ट बसवले, स्नेहल. पाना घेऊन, घट्ट. त्यानंतर दवाखान्यात आलो. भाऊजींनी परत जाऊन मशीन पाहिलं तेव्हा झाकण पक्कं होतं, म्हणजे पोरीनंच आत हात घातला असणार. आणखी काही उरतच नव्हतं.

मी रोज डायरी लिहितो, मिरचीचा भावसुद्धा सोडत नाही. त्या तारखेला फक्त एवढंच आहे: "स्नेहलच्या हाताला अपघात." त्या पानाखाली बरीच जागा कोरी आहे.

सायकल, कंपास, स्कूटरचा क्लच, तुझ्यासाठी जे जे बनवलं ते प्रेमानं की भीतीनं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. खरं उत्तर मला देता येत नाही. दोन्ही असावं. तुझं यश पाहून माझ्या मनात जे दाटतं त्यात मात्र भीतीचा अंश नाही. माझ्या चुकीनं तुझ्याकडून जे गेलं, त्याच्या कितीतरी पलीकडे तू उभी आहेस. तिथवर तुला मी पोचवलेलं नाही.

मामीला काल सांगितलं. ती म्हणाली, "आधी तिला लिहा. अक्काला सांगायला मी येते बरोबर." येत्या रविवारी आम्ही दिंडोरीला जातो. तुझ्या आईवडिलांसमोर हे सगळं सांगेन, बोल्टसकट. ते त्यांच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून तुला कळावं म्हणून हे पत्र.

माफी मागत नाही, कारण मागितली की तू देऊन टाकशील. तुझा स्वभाव मला माहीत आहे. रागव. कितीही दिवस रागव. फक्त ते वाक्य पुन्हा बोलू नकोस, गमतीनंही नाही. तू हात घातला नव्हतास. तू शहाण्यासारखी काम करत होतीस.

मामा हा शब्द तुझ्या तोंडचा आहे. तो ठेवायचा की नाही, हे तू ठरव. मी माझं नाव लिहितो.

यादव