सहा कोंबड्यांचा तह

१२ नोव्हेंबर १९३४. पहाटे.
ब्राह्ममुहूर्ती सर्वांआधी उठण्याचा मान आमच्या घराण्यात चार पिढ्या होता. आज तो गेला. पावणेचारलाच तीन कोंबडे एकमेकांवर ओरडून उठले, मी चौथा. याची दाद कोठे मागावी, हे धर्मशास्त्रात नाही.

आमच्या आगरात कोंबड्या येणं हाच मुळी आपद्धर्म. आमच्या लेकीची, दमयंतीची, कणकण जाईना, म्हणून डॉक्टरांनी रोज दोन कच्ची अंडी दुधातून द्यायला सांगितली. (शेजाऱ्यांपुढे मी त्यांना ‘श्वेतगुटिका’ म्हणतो.) राजिवड्याच्या करीमभाईंकडून नऊ माद्या नि एक नर आणला. उरलेले दोन कोंबडे हिच्या, म्हणजे दमूच्या आईच्या, नवसाचे. पोरीचा ताप एकशे एकवर गेला की ही आमचा गडी केरू याच्याकरवी आगराच्या राखणदाराला एक कोंबडा बोलते. पोर उठून हिंडू लागली की तो द्यायचा. तोवर विकायचा नाही, कापायचा नाही, जखमी होऊ द्यायचा नाही.

संकल्प : तीन नर एकत्र नांदवणे. मुदत पंधरा दिवस. मग साप्ताहिकाला त्यावर वार्तापत्र. सोपं काम आहे.

१४ नोव्हें.
साम. तिघांना एका परातीत भात घातला. विलायतेतल्या गोलमेजाचं झालं तेच इथे झालं. परात केरूने पाटातून काढली. “अण्णानू, एका आगरात दोन कोंबडे म्हंजे एका घरात दोन वकील. तुमी तर तीन ठेवलाव.” अनुभवाचा अभाव, म्हणून सोडून दिलं.

१७ नोव्हें.
ताप एकशे एक पॉइंट दोन. हवा बदलते आहे, त्याचा. कोंबडे चार.
दाम. चार कोपऱ्यांत चार करवंट्या. थोरला कोंबडा चारही ठिकाणी जेवतो. माद्यांच्या पाठीची पिसं गेली. अंडी सहावरून तीनवर. दमूला दोनच लागतात. चिंतेचं कारण नाही.

२१ नोव्हें.
भेद. रोज एकाला काढून पडवीत टोपलीखाली ठेवायचं, म्हणजे डोकं थंड होईल. संध्याकाळी परत सोडला तर बाकीच्यांनी ओळखच दिली नाही. रक्त. ही हळद लावत बसली, माझ्याकडे बघितलं नाही. करीमभाई म्हणाले, दिवसभर बाहेर राहिलेला कोंबडा कळपाला परकाच. हे लहान पोरालाही ठाऊक असतं. मी काव्यतीर्थ आहे, मला कसं ठाऊक असणार?
अंडं एक. दमूने त्यातलंही निम्मं टाकलं. तोंडाला चव नसेल.

२५ नोव्हें.
चार दिवसांत ताप दोनदा चढला. कोंबडे सहा. थर्मामीटर जुना आहे, बदलायला हवा.

२६ नोव्हें.
करीमभाई स्वतः येऊन बघून गेले. बराच वेळ हसले. म्हणाले, “मास्तर, यांचं आपसात काय वैर नाय. समोर बायका आहेत म्हणून मर्दानगी. बायका नजरेआड करा, सगळे भाऊ-भाऊ.”
सव्वीस वर्षांच्या संसारानंतर यावर वाद घालावासा वाटला नाही. विहिरीपलीकडे झावळांचा उंच कूड घालून सहाही नर एकदमच तिकडे नेले. दंडाची गरज पडली नाही.

३० नोव्हें.
तह झाला. सहाही एका बांबूवर ओळीने बसतात. किरकोळ टोचाटोची, तेवढीच. अंडी पाच. मुदतीपेक्षा तीन दिवस जास्त लागले, ते वार्तापत्रात लिहायची गरज नाही.
दमूला दाखवायला उचलून मागल्या खिडकीशी नेलं. फार हलकी लागली. हल्ली जेवत नाही, त्यामुळे. तिने मोजले. म्हणाली, “यातले पाच माझे ना? मी उठले की हे जाणार. अण्णा, त्यांना मी निजलेलीच बरी.” मी हसलो. तीही हसली, मग खोकला आला. थंडी होती.

३ डिसेंबर. दिवेलागण.
ताप एकशे तीन. थर्मामीटर नवा.
केरू न सांगता आपल्या घरचा कोंबडा काखेत घेऊन आला. अंगणात उभा राहिला. ही बाहेर गेली. मला वाटलं, सातवा. कुडात जागा आहे, तशी मी ती आधीच करून ठेवली होती.
ही म्हणाली, “नको, केरू. घरी ने त्याला.”
केरूने विचारलं, बोलायचा नाय काय. हिने मान हलवली नि आत जाऊन निखाऱ्यावर राख ओढली.

वार्तापत्र लिहायला बसलो आहे. मथळा झाला. पुढे ओळ नाही.
डॉक्टरांनी ऑगस्टातच क्षय म्हणून सांगितलं होतं. मी या वहीत कणकण लिहीत आलो. पोर हाती लागेल असं मला वाटत नाही.