तिसरं इंजिन आणि गॅसचं बटण

प्रिय आई, तुझ्या धांदरट लेकीचा लांबूनच वाकून नमस्कार.

आधी हे वाच: मी ठणठणीत आहे आणि आत्ताच पोटभर जेवले आहे.

काल भर समुद्रावर आमच्या मालवाहू विमानाचं एक इंजिन बंद करावं लागलं. चारांतलं एकच, तेव्हा देव पाण्यात घालून बसू नकोस!

तिसऱ्याचं तेल गळत होतं. घाईत भलतंच इंजिन बंद होऊ नये म्हणून आम्हा वैमानिकांची एक रीत आहे. एकाने खटक्यावर हात ठेवून मोठ्याने विचारायचं आणि दुसऱ्याने नीट बघून 'हो' म्हटल्यावरच तो ओढायचा.

मी विचारलं, "तीन नंबर?" कॅप्टन वाकून बघत म्हणाले, "हो, तीनच." आणि मला हसूच फुटलं. घरातून निघताना गॅसच्या बटणावर हात ठेवून तूही अशीच ओरडतेस, "बंद आहे ना?" आणि आम्ही तुझी टिंगल करायचो!

तीन तासांनी अलगद उतरलो. आता तुझं सांग, गुडघे कसे आहेत?

बाबांना सांग, पेपरातून डोकं न काढता 'हो' म्हणणं आता बंद. उठायचं, बघायचं, मगच बोलायचं.

तुझीच,
धांदरट