बोट एका पानावर, तोंड दुसऱ्यावर

प्रिय आईस,
पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी बरी आहे. घसा बसलाय, पण शिकवणाऱ्यांचा बसतोच. तुझा गुडघा कसा आहे? दादा औषध वेळेवर आणतो ना?

नववीतली एक मुलगी इंग्रजीचा धडा घडाघडा वाचते, शब्दांखाली बोट धरून. परवा पंख्याच्या वाऱ्याने तिचं पान उलटलं, तरी वाचन अडलं नाही. बोट एका पानावर, तोंड दुसऱ्यावर! आई, तिने सगळे धडे ऐकून पाठ केलेत. अक्षर एकही ओळखता येत नाही.

वर्गात मी फक्त जवळ जाऊन तिचं पान परत उलटून दिलं. मधल्या सुट्टीत तीच मागे मागे आली. "बाई, कुणाला सांगू नका. घरी कळलं तर शाळा सुटेल माझी."

"नाही सांगणार. पण रोज डबा घेऊन माझ्याकडे यायचं."

आता जेवता जेवता आम्ही अक्षरं गिरवतो. काल तिने कधीच न ऐकलेली एक ओळ वाचली. सबंध मधली सुट्टी त्यातच गेली. वर मलाच म्हणते, "दमलात ना बाई?" मला हसू आलं आणि, का कोण जाणे, रडूही.

म्हणून शाळेचं वर्ष संपलं तरी मी लगेच घरी यायला निघणार नाही. आत्ता हात सोडला तर ती पुन्हा पाठांतरावर जाईल. तू दाराशी वाट बघत बसशील, ते इथूनही दिसतं मला. रागाव हवं तर. पण येईन तेव्हा काही विचारू नकोस, नुसतं तुझ्याजवळ झोपू दे.

तुझीच,
धाकटी