खंडेनवमीला घेतलेला अपडेट

१ ऑक्टो., बुधवार
खंडेनवमी. शाळेतून दीडला घरी. प्रयोगशाळेत मुलींनी तराजू, सूक्ष्मदर्शक पुसून हळदकुंकू वाहिलं. मी बाजूला उभी.
हे गेल्याला चार महिनेही झाले नाहीत, यंदा घरात सण नाही. तरी यांची अवजारं तशीच ठेवणं बरं वाटेना. दोन्ही कॅमेरे, स्टँड, लाइट पुसले. कॉम्प्युटरची बाजूची पट्टी काढून धूळ झटकली, गंध-अक्षता वाहिल्या. दर वर्षी हे करायचे तसा चालूही केला. जूननंतर पहिल्यांदाच.
अपडेट आलेत, घ्यायचे का, असं विचारलं. हो म्हटलं. नंतर जुनं, न लागणारं काढून टाकायचं का. त्यालाही हो. साफसफाईचाच दिवस होता.
बंद करून परत लावला तर पडदा काळा. वर डाव्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकते, बाकी काही नाही.

२ ऑक्टो., गुरुवार
दसरा. बाहेर गेले नाही.
दुपारी निफाडहून भाऊसाहेबांचा फोन. त्यांच्या मुलीचं लग्न मे महिन्यात झालं, त्याचं शूटिंग यांनी केलं होतं. यांचं शेवटचं काम. म्हणाले, "ताई, घाई नाय. पण पाडव्याला जावई येत्यात, पहिला दिवाळसण हाय. पोरीनं सासरी सगळ्यांला सांगून ठेवलंय, फिल्म दाखवते म्हणून." मग जरा थांबून, "नसंल जमत तर नुसतं शूटिंग द्या. लासलगावचा एक जण जुळवून देतो म्हणतोय."
देते म्हटलं. म्हणजे फिल्म. पाडव्यापर्यंत.
कॉम्प्युटर बंद पडलाय हे सांगितलं नाही.
शूटिंग वेगळ्या डिस्कवर आहे, ते कुणालाही देता येईल. पण यांनी तीन आठवडे बसून जे जुळवलं ते या मशिनच्या आत आहे. "झालंय गं, शेवट तेवढा बघायचाय," असं म्हणाले होते. त्याच आठवड्यात…

५ ऑक्टो., रविवार
रिक्षाने मशिन दुकानात नेलं. माणसाने आतला गोल सेल काढला, परत बसवला. पडदा तसाच. म्हणाला, "मॅडम, लिनक्स आहे हे. फॉरमॅट मारून विंडोज टाकतो, तासाभरात घेऊन जा." आतलं काम राहील का विचारलं. "फॉरमॅट म्हणजे फॉरमॅट."
परत घेऊन आले. रिक्षात मांडीवर धरलं होतं. जड आहे.

६ ऑक्टो., सोमवार
सिन्नरच्या शिरीषभाऊजींना फोन केला. यांच्याच धंद्यातले, मशिन यांच्यासाठी त्यांनीच बसवलं होतं. दहाव्याला आले होते, त्यानंतर बोलणं नाही. सगळं सांगितलं. मग म्हणाले, "वहिनी, अवजारं पुजायची असतात. त्या दिवशी त्यांना नवे दांडे नाही बसवत."
मला हसू आलं.
या धंद्यात असं आहे की घेतलेलं काम हातावेगळं झाल्याशिवाय कुणी अपडेट घेत नाही. लग्नसराईत तर नाहीच. हे वर्षातून एकदा घ्यायचे, आषाढात. मला कधी कळलंच नाही. इतकी वर्षं त्याच खोलीत चहा नेऊन देत होते.
झालंय ते असं. अपडेटने आतला गाभा, म्हणजे कर्नल, नवा आला. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर जुन्या गाभ्यासाठी बांधलेला, तो नव्यावर चालत नाही. एरवी चालू करताना जुना गाभा निवडता येतो. तो मी साफ केला.

८ ऑक्टो., बुधवार
शाळेतून आल्यावर भाऊजी फोनवर, मी मशिनसमोर. सुरुवातीला एक बटण दाबून धरायचं, मग साध्या अक्षरांचा पडदा येतो. तिसऱ्या खेपेला जमलं. ते सांगतील ती ओळ मी एकेक अक्षर विचारून टाइप करायची. पासवर्ड यांचा. मला माहीत होता.
मधेच म्हणाले, "तो खरखर आवाज कसला?" बघितलं तर कार्डाच्या पंख्यात तांदळाचा दाणा. अक्षतेचा. चिमट्याने काढला.
शेवटी चित्र आलं, पण मोठं, धुरकट. फोल्डर दिसतात. एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडत नाही. कार्ड सापडत नाही म्हणतं आणि बंद होतं. ड्रायव्हर बसल्याशिवाय ते उघडणार नाही.
फोल्डरला यांनी नाव दिलंय 'निफाड – घाई नको'.

११ ऑक्टो., शनिवार
जुना ड्रायव्हर पूर्ण काढला, नवा उतरवला. पाऊण तास. वहीत प्रत्येक ओळ लिहून घेतली, प्रयोगाची कृती लिहितो तशी. मधे एक पासवर्ड ठरवायला सांगितला, ठरवला.
परत चालू केल्यावर अचानक निळा पडदा. इंग्रजीत चार पर्याय, वर दहापासून उलटे आकडे. भाऊजी गाडीवर होते, फोन उचलेनात. घाबरून सगळ्यात वरचा दाबला, 'पुढे चला' असा होता म्हणून.
पुढे गेलं. ड्रायव्हर नाही.
संध्याकाळी कळलं. दुकानदाराने सेल काढला तेव्हा मशिनचं सुरक्षेचं कुलूप मूळ जागी गेलं, म्हणजे परत लागलं. आता ते अनोळखी ड्रायव्हरला आत घेत नाही. निळ्या पडद्यावर त्याची ओळख पटवून द्यायची होती. मी तिथूनच निघून गेले.
"परत करू," म्हणाले. "रवीचं पण पहिल्यांदा असंच झालं होतं. शिव्या दिल्या होत्या मला."
यांनी शिव्या दिलेल्या मी कधी ऐकल्या नाहीत.

१२ ऑक्टो., रविवार
पुन्हा सगळी कृती, वहीत बघून. निळा पडदा आला. दुसरा पर्याय, हो, पासवर्ड, हो.
चालू झालं. चित्र बारीक, स्वच्छ. भाऊजींनी सांगितलेली ओळ टाइप केल्यावर तक्ता आला. कार्डाचं नाव, तापमान एकेचाळीस.
भाऊजी म्हणाले, "आता पुढचे सहा महिने कशालाही हो म्हणू नका."
सॉफ्टवेअर उघडलं नाही आज. उघडायला बसले नाही.

१८ ऑक्टो., शनिवार
दिवाळीची सुट्टी लागली. शेजारून फराळाचं ताट आलं. आपल्याकडे करायचं नाही म्हणून लोक आणून देतात.
आज सॉफ्टवेअर उघडलं. सगळं जागच्या जागी. दीड तासाची फिल्म, सलग बघितली. हळद, सीमंतपूजन, अंतरपाट, पंगती. सगळीकडे गाणी आहेत. यांचा आवाज कुठेच नाही. काम असंच असतं, पण मी ऐकत होते.
शेवटी पाठवणीची जागा कोरी.

१९ ऑक्टो., रविवार
पाठवणीचं मूळ शूटिंग काढून बघितलं. एकच तुकडा आहे.
मुलगी आईच्या गळ्यात. भाऊसाहेब लांब, जनरेटरच्या गाडीमागे, पाठ करून. कॅमेरा त्यांच्याकडे जातो. यांचा आवाज, अगदी जवळून. "भाऊसाहेब, या की पोरीजवळ." ते मान हलवतात. नाही म्हणून. हे म्हणतात, "बरं. मी खाली घेतो. तुम्ही घ्या रडून."
कॅमेरा खाली. मग पावणेदोन मिनिटं सतरंजी, अक्षता, लोकांच्या चपला. पुरुषमाणसाचं रडणं ऐकू येतं. कडेला यांच्या सँडल, टाचेचा पट्टा सुटलेला. कॅमेरा वर येतो तेव्हा गाडी फाटकाबाहेर गेलेली.
दोनदा बघितलं.

२० ऑक्टो., सोमवार
मुलीचाच फोन आला, सासरहून. फिल्म तयार आहे ना विचारलं. भाऊसाहेबांना ती दादा म्हणते. म्हणाली, "काकू, पाठवणीत दादा दिसतात का? मी गाडीतून शोधत होते, ते आलेच नाहीत. चिडले होते का माझ्यावर?"
बघून सांगते म्हटलं.
भाऊसाहेबांना लावला. बागेत छाटणीची माणसं होती, मागे गलका. "बोला ताई." मला विचारता आलं नाही. तयार आहे एवढंच सांगितलं. परवा दहाला माणूस पाठवतो म्हणाले.
शिरीषभाऊजींचं मत, "गाडीचे आधीचे दोन शॉट लावा, वर गाणं टाका. कुणाला कळत नाही. बाप माणसानं लपून रडलेलं आपण कशाला वाजवायचं?"
बरोबर आहे. हे पण तेच म्हणाले असते बहुतेक. म्हणूनच खाली घेतला.
पण मग ती जागा कोरी का ठेवली. गाणं टाकायला दोन मिनिटं लागतात.

२१ ऑक्टो., मंगळवार
भाऊजींनी फोनवर शिकवलं तसं दोन्ही करून बघितलं. एकात गाडी आणि गाणं. दुसऱ्यात तो तुकडा आहे तसा. एकेक फिल्म बाहेर पडायला पन्नास मिनिटं. कार्डाचा पंखा मोठ्याने फिरत होता, तेवढा वेळ घरात आवाज होता.
दोन पेनड्राइव्ह. काळ्यात गाणं, लालमध्ये तो तुकडा. टेबलावर आहेत.
लाल दिला तर मुलीला कळेल. सासरच्या सगळ्यांसमोर कळेल. भाऊसाहेबांनी मान हलवली होती ती कॅमेऱ्याला का यांना, ते मला ठरवता येत नाही. काळा दिला तर ती समजते तेच समजत राहील. दोन्ही देऊन मोकळं व्हावं असंही मनात आलं. ते मोकळं होणं माझं असेल, त्यांचं नाही.
भाऊसाहेबांना परत फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. लक्ष्मीपूजनाची गडबड असेल.
उद्या दहाला माणूस येणार.
मशिन बंद केलं, वर कापड टाकलं. दूध कोमट झालं होतं. छोट्या वाटीत विरजण लावलं, वर ताटली ठेवली.