अस्सल गिरमिट, वॉर्ड नंबर तीन

२ मार्च, सकाळी
दाखल झालो. कोर्टाचा हुकूम: तीस दिवस निरीक्षण. मग मोठ्या डॉक्टरीणबाई लिहून देणार, डोकं ठिकाणावर आहे की नाही. नसेल तर खटला बासनात. असेल तर मी आत, केस पांढरे होईपर्यंत. (ते झालेलेच आहेत. इथे कलप लावू देत नाहीत.)
वकिलांनी जाताना बजावलं: काहीही कर, तोंड उघडू नकोस. सराफी पेढीच्या दरोड्यातली बॅग पोलिसांना अजून सापडलेली नाही. ती सापडत नाही तोवर गिरमिट ही नुसती अफवा आहे.
अफवा! पेपरवाले माझ्या नावाआधी ‘कुख्यात’ लावल्याशिवाय लिहीत नाहीत, आणि हा मला अफवा म्हणतो. पण मुद्दा पटला.
योजना: तीस दिवस संपूर्ण मौन. माझ्यासारख्या पोलादी माणसाला काय कठीण?

२ मार्च, दुपारी
मौन सुटलं. वॉर्डातले अटेंडंट, त्यांना सगळे मामा म्हणतात, किल्ल्यांचा जुडगा चुकीच्या बाजूला अडकवतात. कोणीही सहज काढून घेईल. न राहवून समजावलं. पाऊण तास. मामा म्हणाले, बाबा, वीस वर्षं इथेच अडकवतोय, आजवर कोणी काढला नाही. मी काढून दाखवला. मामांनी परत घेतला आणि माझा चहा बंद केला.
मौन उद्यापासून.

३ मार्च
सिस्टरकडून ही वही मिळवली. कालचं चिठोऱ्यांवर लिहिलेलं आधी तीत उतरवलं. तोंडात आलेलं वहीत उतरवलं की मौन आपोआप पाळलं जाईल. फार हुशारीची कल्पना. दिवसभर लिहिलं.

५ मार्च
नुसत्या मौनात वेड दिसत नाही, रुसवा दिसतो. नवी योजना: मी झाड. खिडकीपाशी दोन्ही हात वर करून उभा राहिलो. अकरा मिनिटांनी खांदे भरून आले, पण हललो नाही. मामांनी डाव्या फांदीवर ओला टॉवेल वाळत घातला.
डॉक्टरीणबाई आल्या. कोणतं झाड, विचारलं. याची तयारी केली नव्हती. म्हटलं, साधंच. त्यांनी काहीतरी लिहिलं. बहुधा गंभीर.

७ मार्च
अक्का भेटायला आली. माझी थोरली बहीण. मी अट्टल गुन्हेगार असलो तरी तिच्यापुढे बनियनवर बसत नाही. तिला पाहून पुन्हा झाड झालो. ती म्हणाली, हात खाली कर, बगल उसवलीये, टाके घालते.
मग हळूच म्हणाली, वेड्याचं सोंग आणायला आधी शहाणपण लागतं रे, ते कुठून आणणारेस?
त्यात डॉक्टरीणबाई आल्या आणि तिला विचारलं, यांना गिरमिट का म्हणतात? पेपरांत सविस्तर आलेलं आहे की तिजोऱ्यांना भोकं पाडतो म्हणून. पण अक्का म्हणाली, अहो कसल्या तिजोऱ्या, लहानपणी बोलून बोलून समोरच्याच्या कानाला भोक पाडायचा, म्हणून मीच ठेवलं. दोघी हसल्या. डॉक्टरीणबाईंनी तेही लिहून घेतलं.
नातेवाईकांच्या भेटींना बंदी घालावी असा अर्ज करायचा विचार आहे.

९ मार्च
भयंकर प्रकार.
खिडकीजवळच्या खाटेवर एक गृहस्थ आहेत. उंच, रुबाबदार, आवाज भारदस्त. सगळा वॉर्ड त्यांना मान देतो, मामासुद्धा त्यांचा चहा आधी आणतात. मला वाटलं बडे डॉक्टर असतील. विचारलं, आपण कोण? ते शांतपणे म्हणाले: गिरमिट. नाव ऐकलं असशील.
मी! ते म्हणे मी!

१० मार्च
चौकशी केली. गृहस्थ पाणीपुरवठा कार्यालयातले कारकून. त्यांच्या पत्नी भेटायला आल्या होत्या, फार साध्या बाई. म्हणाल्या, सव्वीस वर्षं यांना कधी हक्काची रजा मिळाली नाही हो. एक दिवस साहेबांसमोर जाऊन म्हणाले, मी गिरमिट. लगेच रजा मंजूर.
हे माझ्या नावाचं वजन! पण रजा त्यांना.
वॉर्डाला वाटतं की तेच खरे. आणि मी दिवसभर वही भरत बसतो म्हणून मला काय नाव पडलंय? कारकून.
मी यापुढे त्यांना नकली म्हणणार. निदान वहीत.

११ मार्च
ठरवलं. दुर्लक्ष. मी इथे कशासाठी आलोय? सुटायला. नकली गिरमिट होवो नाहीतर गव्हर्नर होवो, आपल्याला काय! उलट फायदाच आहे. पाण्यासारखं थंड राहायचं.

११ मार्च, जेवणानंतर
नकलीने दरोड्याची गोष्ट सांगितली. बारा माणसं, छतावरून दोर, चार मिनिटांत तिजोरी फोडली, जाताना पहारेकऱ्याला नमस्कार. सगळं पेपरातलं, शब्दन् शब्द. वॉर्डाने टाळ्या वाजवल्या. कोपऱ्यातले आजोबा, जे एरवी भिंतीशिवाय कोणाशी बोलत नाहीत, त्यांनी उठून सलाम ठोकला.
मी पाण्यासारखा थंड होतो. ताट कसं पडलं माहीत नाही.

१४ मार्च
वकील आले. म्हणाले, छान चाललंय, डॉक्टर अजून संभ्रमात आहेत. झाडाचा परिणाम झालेला दिसतो. अर्धी बाजी मारलीस, आता फक्त गप्प बस. मी शब्द दिला. माझा शब्द म्हणजे शब्द.

१५ मार्च
नकलीला एकच प्रश्न विचारला. फक्त एक. पेढीच्या मागच्या दाराचा रंग कोणता? म्हणाला, काळा. हिरवा होता! मी सगळ्यांसमोर सांगितलं, हिरवा, आणि खाली पोपडे निघालेले. तो मंद हसला, म्हणाला, कारकुनांना बारीकसारीक गोष्टी फार. वॉर्ड हसला.

१६ मार्च
खरी हकिकत सांगून टाकली. इलाजच नव्हता. आम्ही तिघे होतो. एक ऐनवेळी गाडीत झोपला. भरदुपारी गेलो, कारण पहारेकरी केस कापायला गेला होता आणि दार उघडं होतं. अर्धा तास घाम गाळून तिजोरीला भोक पाडलं. मग कळलं की तिजोरीही उघडीच होती.
सभा हसून लोटपोट. आजोबा म्हणाले, अरे, उघडी तिजोरी कोण फोडतं? थाप मारायची तर जरा पटेल अशी मार. मग माझी पाठ थोपटून म्हणाले, बरा होशील हळूहळू.
नकलीने सर्वांना शांत केलं. कोणाच्या आजाराला हसू नये, म्हणाला.
मला इतकं अपमानास्पद कोणी वागवलं नव्हतं. पोलिसांनीसुद्धा.

१८ मार्च
डॉक्टरीणबाईंच्या खोलीत. दोघांना समोरासमोर बसवा अशी मागणी केली. त्या म्हणाल्या, तुम्ही गिरमिट आहात हे मला माहीत आहे, कोर्टाच्या कागदावर आहे. म्हटलं, कागदाला कोण विचारतं, वॉर्डाला सांगा! त्या म्हणाल्या, एका पेशंटचं दुसऱ्याला सांगत नाही.
झोप उडाली आहे. नकली मात्र घोरतो. माझ्या नावाने घोरतो.

२० मार्च
अक्का आली. सगळं सांगितलं. ती म्हणाली, म्हणू दे ना त्याला! तुझी पापं कोणी फुकटात अंगावर घेतोय आणि तुझ्या पोटात दुखतंय? दहा दिवस राहिलेत. दहा दिवस जीभ दाताखाली धर. मला आता जेलच्या पायऱ्या चढवत नाहीत रे. गुडघे गेले.
डोळ्यांत पाणी आलं. तिच्या. माझ्याही, थोडं. तिच्या गुडघ्यांवर हात ठेवून सांगितलं, अक्का, आता एक अक्षर नाही.

२१ मार्च, दुपारी दोन
नकलीने आज जाहीर केलं की बॅग त्याने गोरगरिबांत वाटून टाकली.
माझी बॅग!
अक्काला शब्द दिलेला आहे. शांत आहे.

२१ मार्च, सव्वादोन
डॉक्टरीणबाईंना सांगून आलो. बॅग कुठे आहे ते. बंद पडलेल्या छापखान्यामागची सिमेंटची टाकी, शाईच्या रिकाम्या डब्यांखाली. वर फाटकी ताडपत्री. नकाशा काढून दिला, दिशेच्या बाणासकट. त्यांनी पेन खाली ठेवून दोनदा विचारलं, हे मला रिपोर्टमध्ये लिहावं लागेल, पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, विचार करून बोलताय ना? म्हटलं, लिहा. पक्क्या शाईने लिहा. पोलिसांना पाठवून खात्री करून घ्या. मग कळेल कारकून कोण ते.
तीन आठवड्यांत पहिल्यांदा गाढ झोप लागणार.

२४ मार्च
बॅग सापडली! पेपरात पहिल्या पानावर. ‘कुख्यात गिरमिटची बॅग हस्तगत.’ मामांनी मोठ्याने वाचून दाखवलं. मी उठून उभा राहिलो, गळ्याचं बटण लावलं.
सगळा वॉर्ड नकलीकडे धावला. कोणी हात मिळवला, आजोबांनी पुन्हा सलाम ठोकला. नकली विनयाने म्हणाला, कधी ना कधी सापडणारच होती. गरिबांना वाटली होती ना, असं मी ओरडून विचारलं. तो म्हणाला, ती दुसरी.
बटण काढून बसलो.

२५ मार्च
आताच लक्षात आलं, बॅग पोलिसांना सापडली.

२६ मार्च
पण झाडाचं अजून शिल्लक आहे. दिवसभर हात वर. मामांनी टॉवेलसुद्धा टाकला नाही.

३१ मार्च, सकाळी
रिपोर्ट आला. वकिलांनी वाचून दाखवला. स्मरणशक्ती तल्लख. स्थळकाळाचं भान पक्कं. नकाशा अचूक. स्वतःविषयी बोलण्याची अनावर हौस, पण हा आजार नव्हे. खटल्यास पूर्णपणे पात्र.
वकील रागावले नाहीत. नुसती आपली बॅग बंद केली, कुलूप दोनदा तपासलं आणि गेले.
अक्का दोन इस्त्रीचे शर्ट घेऊन आली होती. मला वाटलं तोडून बोलेल. ती बाकावर बसून गुडघे चोळत होती. एवढंच विचारलं, त्या जेलला पायऱ्या किती? मोजून सांगितल्या. चौतीस.

३१ मार्च, अकरा वाजता
गाडी आली. दोन पोलीस, बेड्या. निदान आता तरी वॉर्डाच्या डोक्यात प्रकाश पडेल असं वाटलं. हात पुढे करून मुद्दाम मधल्या वाटेने, सगळ्यांना दिसेल असा चाललो.
आजोबांनी विचारलं, कोणाला नेतायत? खिडकीजवळून उत्तर आलं, आपला कारकून. बदली झाली बिचाऱ्याची.
मग नकली स्वतः दारापर्यंत आला. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, घाबरू नकोस. आत कोणी त्रास दिला तर माझं नाव सांग.
आभार मानले.