पुढच्या टोकाकडून

४ मार्च, सोमवार
आले बाई एकदाची! नवी नोकरी, नवं शहर, आणि तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. अण्णांनी आल्या आल्या सगळ्या भिंती चाचपल्या, खिडकीची कडी काढून-घालून पाहिली आणि इमारतभर ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं की हे घर चांगलं ऐसपैस आहे. मी त्यांच्या तळहातावर लिहिलं की उलट आधीच्यापेक्षा लहान आहे. तर म्हणाले, मग सामान कमी झालं असेल, वाटेत काय काय विकून खाल्लंस? आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचे आधी डोळे गेले, मागाहून कान. जीभ मात्र शाबूत आहे, जरा जास्तच. त्यांना काही सांगायचं तर तळहातावर बोटाने अक्षरं काढावी लागतात. शिरोरेघ आम्ही देत नाही, फुकट वेळ जातो. आई होती तेव्हा दोघी होतो, आता ही लिपी भराभर लिहिणारी मी एकटीच. शेजारच्या वहिनी दिवसा लक्ष ठेवायला तयार झाल्या. चांगली बाई दिसते. त्यांना मी 'चहा', 'जेवण', 'थांबा' हे शब्द शिकवले, पण तेवढ्यावर माणसाशी काय बोलणार? मला काही झालं तर अण्णांचं कसं, हा एकच घोर माझ्या जिवाला. बाकी मी कोणाच्या बापाला भीत नाही.

५ मार्च, मंगळवार
प्रयोगशाळा तळघरात आहे, पण स्वच्छ. दान आलेले मेंदू इथे येतात. त्यांचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यात बसवायचे, यंत्रावर कागदाहून पातळ चकत्या काढायच्या, त्या काचेवर चढवून रंगवायच्या. मी आधीच्या ठिकाणी हेच करत होते, हात बसलेला आहे.

इथले सगळ्यात जुने तंत्रज्ञ म्हणजे काका. ते कोंबडीसारखी मान वाकडी करून बघतात. गंमत म्हणजे बाकीचे दोघंही तसेच. मी विचारलं, तळघरात मान आखडायची साथ आहे का? कोणी हसलं नाही. मेले अरसिक!

पहिल्या कामाला काकांनी एका कपाटातला थॅलॅमसचा ठोकळा हात न लावता दाखवला आणि मलाच काढून घ्यायला सांगितलं. थॅलॅमस म्हणजे मेंदूच्या पार गाभ्यात शेजारी शेजारी ठेवलेली दोन अंडी म्हणा ना. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं, कातडीला लागलेलं, सगळं आधी इथे येतं आणि मग इथून ज्याचं त्याला वाटलं जातं, टपालकचेरीत पत्रं वाटतात तसं. वास तेवढा परभारे जातो, त्याला या कचेरीची गरज नाही. आपण झोपलो की थॅलॅमस फाटक लावून घेतो, जागे झालो की उघडतो.

काकांनी दोन गोष्टी बजावल्या. ठोकळा मागच्या टोकाकडून कापायला घ्यायचा, आणि ज्याचा हात आधी लागला त्यानेच कापायचा, दुसऱ्याने नाही. का, विचारलं तर म्हणाले, इथली पद्धत आहे. पद्धत तर पद्धत.

६ मार्च, बुधवार
माझ्या हाताने घोटाळा केला. आधीच्या ठिकाणी आम्ही नेहमी पुढच्या टोकाकडून कापायचो. बोलता बोलता हाताने आपोआप ठोकळा तसाच बसवला, पुढचं टोक पात्याकडे. लक्षात येईपर्यंत चकत्यांची छान रिबीन निघालीसुद्धा. आता उलटा बसवायचा तर अर्धा ठोकळा वाया. म्हटलं, मागून काय नि पुढून काय, खाणाऱ्याला लाडू सारखाच! काकांना बोलले नाही. झाकली मूठ.

चकत्या मात्र दृष्ट लागण्यासारख्या निघाल्या. घरी जाऊन अण्णांच्या हातावर लिहिलं, तुमची लेक म्हणजे हिरा. ते म्हणाले, हिरा आहेस तर लवकर येत जा, अंधारात कंटाळा येतो. मला भरून आलं. मी त्यांचा हात बराच वेळ सोडला नाही.

८ मार्च, शुक्रवार
कालपासून ठोकळ्याचं काम जोरात. आज आईचा कप फुटला, निळ्या काठाचा. मी सामान बांधताना माझ्या दोन स्वेटरांत गुंडाळून आणला होता तो. माझ्या हातातूनच पडला. मी केर भरला आणि भांडी घासली.

नंतर आठवलं की आईच्या वस्तूंपैकी तेवढीच एक राहिली होती. आठवलं, इतकंच.

अण्णांनी जेवताना एक चुटका सांगितला आणि माझ्या हसण्याची वाट पाहिली. मी हसले की त्यांचा हात माझ्या गालावर असतो, त्यांना कळतं. आज गाल हलला नाही. त्यांनी विचारलं, दमलीस का? मी 'हो' लिहिलं.

११ मार्च, सोमवार
अण्णा जिन्यात पडले. कपाळाला खोक पडली, रक्त बरंच गेलं. वहिनी रडत होत्या. मी जखम धुतली, पट्टी बांधली, आणि त्या वेळी माझ्या डोक्यात असं चाललं होतं की मेण फार वेळ बाहेर राहिलं तर मऊ पडेल, परत जायला हवं. वहिनींनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. म्हणाल्या, तुमचे सख्खे वडील ना हो हे?

सख्खेच. मी त्यांच्यासाठी दोनदा लग्न मोडलं. मला आज काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

दुपारी चकत्या भिंगाखाली पाहिल्या. आजवर कापला तो थॅलॅमसचा पुढचा भाग आणि त्यामागचा आतल्या अंगाचा. आठवणींना माया चिकटते, जिवाला घोर लागतो, तो सगळा व्यवहार या वाटेने चालतो. मी काच पुसून डबीत ठेवली.

१२ मार्च, मंगळवार
काकांनी ठोकळा पाहिला. पुढून सुरू केलास? एवढंच विचारलं आणि तळघराचं दार आतून लावून घेतलं.

मग सगळं सांगितलं. या कपाटातल्या थॅलॅमसवर ज्याचा हात आधी पडतो, त्याचाच तो होतो. चकती निघते ठोकळ्याची, जातं त्या माणसाचं. कापणी चालू असताना दुसऱ्याचा हात लागला तर त्याचंही जातं. म्हणून मागून सुरू करायचं. मागच्या टोकाला नजरेची गाठ असते. तिचा जरासा तुकडा निघाला की एका बाजूचं दिसेनासं होतं, माणूस किंचाळून यंत्र बंद करतो आणि पुन्हा त्याला शिवत नाही. मग त्याला काही होत नाही. काका असेच थांबले, बाकीचे दोघंही. म्हणून त्या वाकड्या माना. आधी का सांगितलं नाही, मी विचारलं. म्हणाले, आम्हालाही सांगितलं होतं गं, आम्ही हसलो होतो.

मुळात नव्या माणसाला तो द्यायचाच कशाला, विचारलं. म्हणाले, नवं माणूस आलं की कपाटात एक ठोकळा जास्तीचा दिसतो. कोण ठेवतं, माहीत नाही. एकीने न कापता जाळून टाकला होता. ती दुसऱ्या दिवशी उठलीच नाही. श्वास चालू, फाटक बंद. अजून तशीच आहे.

तू थांब, काका म्हणाले. हात जोडून म्हणाले. तू आज थांबलीस तर एवढ्यावर भागेल. तुझी भीती गेलीय, पण अक्कल आहे ना शाबूत? वडिलांचा विचार कर.

मी केला विचार. बरोबर आहे त्यांचं म्हणणं.

१३ मार्च, बुधवार
आज पुन्हा चकत्या कापल्या. थांबायचं होतं. सकाळी ठोकळा समोर आला, हात यंत्रावर गेला, आणि नको म्हणणारं आत कोणीच नव्हतं. कळतं पण वळत नाही म्हणतात, ते असं असतं होय. रोज जे आपल्याला अडवतं ती अक्कल नसते. अक्कल नुसती बाजूला उभी राहून बघते.

पाय अडखळतायत. आज हालचालीचा भाग गेला असणार. अक्षर बघा कसं झालंय.

१४ मार्च, गुरुवार
स्पर्श गेला. हातांचा, पायांचा, तोंडाचासुद्धा. चहा उकळता होता, जिभेला फोड आल्यावर आरशात कळलं. लेखणी बघून धरते, बघितलं नाही की गळून पडते.

अण्णांच्या तळहातावर लिहिताना बोट टेकलंय की नाही ते पाहावं लागलं. ते म्हणाले, हळू, दुखतंय, नखं लागतायत. मग म्हणाले, तुझा हात असा परका का लागतोय?

मी लिहिलं, काही नाही.

१५ मार्च, शुक्रवार
अण्णा दिवसभर जेवले नाहीत. वहिनी सांगत होत्या, सारखे विचारतात, ती रागावलीय का माझ्यावर. वहिनींना 'नाही' लिहिता येत नव्हतं. त्यांनी 'जेवण' लिहिलं.

मी रागावलेली नाही. त्यांना जाऊन सांगायला हवं होतं. मी चकत्या रंगवत बसले.

काकांनी आज यंत्राचं पातं काढून नेलं. कपाटात नव्या पात्यांची डबी आहे.

१८ मार्च, सोमवार
आवाज नाहीत. मागच्या टोकाला दोन बारीक गाठी असतात, आतली कानांची, बाहेरची डोळ्यांची. ठोकळा किंचित तिरका बसलाय, आतली आधी लागली.

काकांचं तोंड हलत होतं. वहिनींचंही. काका रडत असावेत.

घरी अण्णा बोलत होते. खूप बोलत होते — ओठ पाहिले, पण मला ओठ वाचता येत नाहीत. मी आलेय हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. मी दारात उभी राहून पाहिलं. उत्तर आलं नाही म्हणून ते आणखी मोठ्याने बोलले असतील. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

१९ मार्च, मंगळवार
रात्री अण्णांनी माझा हात ओढून घेतला. आजवर मीच त्यांच्या हातावर लिहीत आले, आज पहिल्यांदा त्यांनी माझ्या हातावर लिहिलं. मला लागलं नाही. पण बोट फिरताना दिसत होतं, म्हणून वाचलं.

माझं काहीही होऊ दे. तू उद्या कामावर जाऊ नकोस.

मग त्यांनी माझी मूठ मिटून धरली. अक्षरं सांडतील म्हणून की काय. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते डोळे मुळात बंद पडलेले आहेत, तरी पाणी येतं.

डोळे गेले की मला त्यांचं बोट दिसणार नाही. मग ते लिहीत राहतील, मला कळणार नाही. त्यांचा हात कुठे आहे तेही मला सापडणार नाही. दोघंही एकाच खोलीत — एकमेकांना —

हे सगळं मला अगदी स्वच्छ कळतंय.

२० मार्च, बुधवार
यंत्राला मोटर आहे. हाताने फिरवावं लागत नाही. बटण दाबलं की चालतं, पुन्हा दाबलं की थांबतं. चालू करून इथे शेजारी बसलेय. लिहितेय.

पानाची डावी कड दिसत नाही. वही सरकवून घेतली —

दार उघडलं. काका. त्यांनी अण्णांना आणलंय. कपाळाची पट्टी अजून तशीच. मीच बदलायची ती.

काका यंत्राकडे धावले, मग थबकले. त्यांचा हात लागला तर त्यांचंही — त्यांना मुलं आहेत. ते मला खुणा करतायत. बटण, बटण.

दिसतंय मला बटण. हाताशीच आहे.

अण्णा चाचपडत येतायत. टेबल लागलं त्यांना. तळहात पुढे केलाय, उघडा. मी काहीतरी लिहावं म्हणून. एक शब्द लिहिला तरी पुरे, नुसतं 'आहे' —

कडांनी काळं येतंय. मधे हात तेवढा दिसतो.

थांबवायला हवं. कळतंय. आधी एवढी ओळ पुरी करते आणि मग