मिठाच्या उत्तराला शून्य

फाल्गुन शु. ५, सोमवार. ठाणे.
इंग्रजी सहावीची रसायनाची तोंडी परीक्षा घेतली. यात पास होईल तोच मॅट्रिकच्या वर्गात. प्रश्न सोपा: समुद्राच्या पाण्यातून मीठ कसं काढाल? केशवनं पुस्तकातलं इंग्रजी उत्तर घडाघडा म्हटलं. पाणी पुरतं आटवावं, उरेल ते मीठ. पूर्ण गुण. कोलशेतच्या मिठागरवाल्यांचा गोमा म्हणाला, "मास्तर, सगलं पानी आटवायचं नाय. शेवटचं फेकून द्यायचं, त्ये कडू असतं." वर्ग हसला. मीही हसलो. शून्य. नापास.

शु. ८, गुरुवार.
गोमा तीन दिवस शाळेत नाही. त्याचं उत्तर डोक्यातून जाईना. शेवटी खाडीचं पाणी आणवून चुलीवर पार कोरडं होईतो आटवलं. इतकी वर्षं रसायन शिकवतो, हातानं केलेला हा पहिला प्रयोग! कुटुंबाला चिमूटभर चाखायला दिलं.
"अगबाई, कडूजहर! हेच शिकवणं होतं का इकडून मुलांना?"
पोराचं बरोबर होतं. गाढव मी.

शु. ९.
हेडमास्तरांना सगळं सांगितलं. मिशीत हसले. "वर्गासमोर आपली चूक कबूल करा, त्याच दिवशी गुण बदलतो." बरं म्हणून आलो. त्यात काय एवढं.

शु. ११, रविवार.
कोलशेतला जाऊन आलो. गोमा बापाबरोबर मीठ ओढत होता. मास्तरांना उलट उत्तर दिलं म्हणून बापानं त्याला बडवलेलं. पाठीवर वळ. पाहवेना. बापाच्या देखत म्हटलं, "अरे, तुझं उत्तर बरोबर होतं. चुकलो मी." बाप गोंधळून हात जोडत राहिला. गोमानं मात्र सरळ विचारलं, "वर्गान सांगाल?"
"उद्याच सांगतो."
"मंग मी परवा येतो."

शु. १२, सोमवार.
सांगायला उभा राहिलो. "त्या दिवशीचा मिठाचा प्रश्न..." एवढंच म्हणालो, तोच केशव ताडकन उठला आणि तेच उत्तर पुन्हा म्हणून मोकळा. सगळी पोरं माझ्या तोंडाकडे बघताहेत. माझ्या तोंडून "शाबास" निघून गेलं. मग पुढचा धडा काढला. हेडमास्तर समोरून गेले, त्यांनी विचारलं नाही. मीही थांबलो नाही.
उद्या सकाळी गोमा येईल, कोलशेतहून चालत.